सातवी नळी

१

पेप्टाइड मेलंय हे बुधवारी सकाळी साडेअकराला सगळ्यांना एकदमच कळलं.

देवळाली प्रवराच्या बाहेर, उसाच्या दोन फडांमध्ये उभ्या असलेल्या त्या छोट्या पशुरोग संशोधन केंद्रात त्या दिवशी हैदराबादहून पाहुण्या शास्त्रज्ञ आल्या होत्या. केंद्राने लाळ्या-खुरकुताच्या विषाणूवर एक कृत्रिम पेप्टाइड तयार करून घेतलं होतं. ते पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत चालवून दाखवायचं होतं.

मागच्या खुर्चीवर साळवे बाई बसल्या होत्या. यशोधरा साळवे. जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता केंद्राच्या देखरेख समितीवरच्या एकमेव बाहेरच्या सदस्य. निकिता नावाच्या संशोधक मुलीने त्यांना आधीच समजावून सांगितलं होतं.

"बाई, इथे विषाणू नाहीच. त्याचं एक एन्झाइम तेवढं आहे. विषाणू आपली सगळी प्रथिनं एकाच लांब दोरीत विणतो आणि हे एन्झाइम कात्रीसारखं ती दोरी तुकड्यातुकड्यात कापतं. कात्री बंद पडली की पुढचं सगळं अडलं. आमचं पेप्टाइड म्हणजे त्या दोरीचाच नकली तुकडा. कात्री तो पात्यांत धरते आणि तशीच अडकून बसते."

"आणि अडकली हे दिसतं कसं?"

"कात्रीपुढे आम्ही एक खास धागा टाकतो. तो कापला गेला की निळा उजेड पडतो. म्हणजे थाळी अंधारी राहिली तर आम्ही जिंकलो."

थाळी अंधारी राहिली नाही. दहा मिनिटांत तिच्यातली एकूण एक खाच निळी उजळली. पेप्टाइड घातलं काय न घातलं काय, कात्री सुखाने कापत होती.

केंद्राचे प्रमुख डॉ. आदिनाथ कोळसे सावकाश उठले. "काल देखभालीसाठी लाईट बंद होती. सगळ्या नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या होत्या. बर्फ उशिरा आला, हे मला माहीत आहे. पेटीचं काम कोणाकडे होतं?"

दारात चहाचा ट्रे घेऊन रंभाजी उभा होता. केंद्राचा शिपाई, झाडूवाला, बर्फ आणणारा, सगळं तोच. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, तरी तो बोलला.

"सायेब, खरं सांगतो. लाईट आली तवा मी पेटी उघाडली. ती पेप्टाइडची लाल टोपनाची नळी पातळ झाल्ती. पान्यावानी हालत हुती. आन् बाकीच्या..."

"बस," कोळसे म्हणाले. "ऐकलंत सगळ्यांनी."

२

शुक्रवारी सकाळी साळवे बाई रिक्षातून उतरल्या, तेव्हा फाटकाजवळच्या लिंबाखाली एक बाई उकिडवी बसलेली होती. बाईंना पाहून ती उठली आणि पाया पडायला वाकली.

"छबू? तू इथं कुठं?"

"वळखलं बाई तुमी." छबूबाईने पदर सावरला. पाथर्डीकडच्या वस्तीशाळेत ती बाईंकडे चौथीपर्यंत शिकली होती. पाचवीच्या वर्षी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली ती परत शाळेत आलीच नाही. "रंभाजी माजा मालक हाय."

बाईंना हे ठाऊक नव्हतं. "हे बघ, मी इथं चौकशीला आलेय. ओळख आहे म्हणून तुझ्या नवऱ्याला सोडवायला नाही."

"सोडवा कुठं म्हन्ते मी? नीट इचारा येवढंच म्हन्ते. त्या मोठ्या सायबानी काल मला हितं उभं करून सांगितलं, तुजा नवरा खोटारडा हाय. बर्फ आनायच्या येळी घरी जाऊन झोपला आन् आता गोष्टी सांगतो. अकरा वर्सं रोजंदारी केली बाई. ह्याच महिन्यात कायम करनार हुते."

"मग?"

"मग काय. नाव खराब झालं की कोन ठिवतंय. कारखाने सुरू झाल्यात. मुकादम दोनदा येऊन गेला, म्हन्तो जोडी चांगली हाय तुमची. पोरगी नववीत हाय माजी. मी जशी फडात गेले तशी ती जायाला नगं."

बाईंनी मान हलवली आणि आत गेल्या. टेबलावर अहवाल तयार होता. शिपायाच्या निष्काळजीपणामुळे पेप्टाइड निकामी झालं, त्याने स्वतः कबुली दिली आहे, सबब त्यास कामावरून कमी करावं व पोलिसांत तक्रार द्यावी. खाली तीन सह्यांच्या जागा होत्या. दोन सह्या झालेल्या होत्या. तिसरी जागा बाईंची होती, आणि पाच वाजता समितीची बैठक होती.

बाईंनी पेन काढलं, टोपण उघडलं, आणि पुन्हा लावलं. चौतीस वर्षांत त्यांनी न वाचलेल्या वहीवर सही केली नव्हती. ह्या कागदात त्यांना एक वाक्य अर्धवट वाटत होतं. कोणतं, ते त्यांना अजून सापडत नव्हतं.

३

"बाई, ह्यात विचार करण्यासारखं काय आहे?" कोळसे हसून म्हणाले. त्यांच्या मागच्या भिंतीवर परिषदांमधले फोटो ओळीने लावलेले होते. "आठ महिने थांबून हे पेप्टाइड करून घेतलं. नागपूरच्या परिषदेत मी भर सभेत सांगितलं, शंभरातल्या पंच्याण्णव कात्र्या बंद पडतात. पाहुण्या तेच तपासायला आल्या होत्या. आणि एका माणसाच्या आळसापायी सगळं पाण्यात गेलं."

"पण थोडा वेळ वितळल्याने ते मरतं?"

"नाजूक चीज असते ती. पाण्यात विरघळवून ठेवलेलं पेप्टाइड, एकदा वितळलं की संपलं. आमच्या उमेदवारीच्या काळात आम्ही रात्ररात्र जपायचो. आता मुलं करतात, मी वर्षानुवर्षं नळीला हात लावलेला नाही."

"फ्रीझरला कुलूप असतं ना?"

"असतं. किल्ल्या तीन. माझी, निकिताची आणि चेतनची. रंभाकडे नाही. पण त्याला किल्ली कशाला हवी? लाईट गेली की पेटी त्याच्याच ताब्यात."

बाहेर येऊन बाईंनी चेतनला गाठलं. हा प्रकल्पावरचा सहायक, राहुरीचा. बोलताना तो सारखा मोबाईल उलटा-सुलटा करत होता.

"मंगळवारी दुपारी तू कुठे होतास?"

"इथेच. प्रयोगशाळेत."

"लाईट नसताना? पंखा नाही, यंत्रं बंद, आणि तू इथे बसून काय करत होतास?"

चेतनने मोबाईल खिशात टाकला. त्याचे कान लाल झाले. वर्गातली मुलं अशी अडली की बाई घाई करत नसत. त्यांनी खिडकीबाहेर उसाचे तुरे बघितले.

"गच्चीवर होतो," शेवटी तो म्हणाला. "पुण्याच्या एका कंपनीची मुलाखत होती, मोबाईलवर. सरांना सांगू नका. ते मला पत्र देणार नाहीत."

"सोमवारी फ्रीझर शेवटचं कोणी बंद केलं?"

"मी नाही केलं. मी पाचला निघालो. सोमवारी दुपारीच मी ती नळी वापरली होती आणि ती चांगली चालली होती. वहीत नोंद आहे." त्याने आवाज खाली आणला. "बाई, एक सांगू? निकिता आणि सरांचं गेल्या आठवड्यात वाजलं होतं. दार बंद करून. बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. तिच्याकडेही किल्ली आहे."

४

निकिता रडून बसलेली होती, पण बाईंपुढे तिने ते दिसू दिलं नाही.

"भांडण झालं होतं, हो. मी पुन्हा तोच प्रयोग तीनदा केला. पंच्याण्णव एकदाही आले नाहीत. बावन्न, पन्नास, त्रेपन्न. सर म्हणाले, तुझा हात कच्चा आहे, नोंद करू नकोस. मी केली. चेतनने सोमवारी केला तेव्हाही बावन्नच आले होते. चांगली चालली म्हणाला ना तो? त्याच्यासाठी बावन्न चांगलेच."

"बावन्न वाईट का?"

"वाईट नाहीच. सुरुवात म्हणून उत्तम. पण सर पंच्याण्णव बोलून बसलेत." तिने दाराकडे पाहिलं. "मला वाटतं चेतनने काहीतरी केलंय. तो मंगळवारी कुठे होता, ते सांगत नाही."

दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते. बाईंना तेच खटकलं. ज्याने केलेलं असतं तो बहुधा इतक्या घाईने दुसऱ्याचं नाव घेत नाही, त्याच्याकडे आधीच एक तयार नाव असतं.

"नळीत नेमकं काय असतं, निकिता? मला पहिलीतल्या मुलीला सांगतेस तसं सांग."

"पेप्टाइडची पावडर येते. आमची जुनी-नवी सगळी पावडर तेलकट स्वभावाची आहे, पाण्यात विरघळतच नाही. म्हणून डीएमएसओ नावाच्या द्रवात विरघळवतो. तो मोठा तऱ्हेवाईक द्रव आहे. अठरा अंशांच्या खाली गेला की गोठतो. थंडीत खोबरेल तेलाची बाटली होते ना, तसा. रोज वापरायच्या आधी नळी मुठीत धरून बसावं लागतं. मी बसते, चेतन बसतो."

"बुधवारी किती वेळ धरलीस?"

निकिता आठवू लागली. "पाहुण्या बघत होत्या, मी घाईत होते. पण एरवीपेक्षा लवकर वितळली, असं वाटलं खरं."

"आणि थोडी गरम झाल्याने हे पेप्टाइड मरेल?"

"एन्झाइम मरेल. हे इतकं छोटं आहे, आठवडाभर टेबलावर राहिलं तरी काही होऊ नये. मी सरांना म्हटलं होतं. पण रंभाजीमामा स्वतःच म्हणाले, नळी पातळ झाली होती. मग मला वाटलं, पेटी किती तापली असेल कोण जाणे."

बाई उठल्या. अर्धवट वाक्य कोणतं, ते त्यांना सापडलं होतं.

५

रंभाजी स्टोअरमध्ये काचेची भांडी पुसत होता. संध्याकाळी नोकरी जायची असली तरी भांडी चकचकीत होती.

"बसा रंभाजी. मंगळवारचं सांगा. बर्फ उशिरा का आला?"

"हितला बर्फाचा कारखाना बंद हुता. राहुरीला गेल्तो. घरी गेल्तो म्हन्त्यात ते खोटं हाय. दीड तास उशीर झाला, ते मात्र खरं. तवर निकिताताईनं फ्रीझरचं दार उघडू दिलं न्हाई, थंडाई आत ऱ्हाती म्हनून. मग बर्फ खाली, वर नळ्यांचं स्टँड, आशी पेटी लावली. ताई आन् चेतनभाऊ गेले आपापल्या कामाला."

"लाईट आल्यावर पेटी उघडलीत. तेव्हा बर्फ होता?"

"अर्धा ऱ्हायला हुता. हात घातला तर बोटं बधिर झाली."

"बुधवारी तुम्ही म्हणालात, आणि बाकीच्या. पुढे काय म्हणणार होतात?"

रंभाजीने फडकं खाली ठेवलं. त्याने बाईंकडे असं पाहिलं, जणू कोणी बंद खोलीची खिडकी उघडली होती.

"बाकीच्या सा नळ्या दगडावानी हुत्या, बाई. हिरव्या टोपनाच्या. जुन्या पेप्टाइडच्या. एरवी सातीबी घट्ट असत्यात. अकरा वर्सं बगतोय, लाईट गेली तरी त्या कंदी पातळ झाल्या न्हाईत. ही एकलीच कशी झाली, म्हनून तर मी बोललो. कोनी पुडं ऐकूनच घेतलं न्हाई."

बाई उठल्या आणि त्यांनी निकिताला हाक मारली. दोघींनी मिळून फ्रीझरमधून लाल टोपणाची नळी आणि हिरव्या टोपणाची एक नळी काढली आणि खालच्या साध्या फ्रिजमध्ये, चार अंशांवर, शेजारी शेजारी ठेवली. बाईंनी फ्रिजला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

घड्याळात दोन वाजत होते.

६

पाचला सगळे कोळशांच्या खोलीत जमले. कोळसे, निकिता, चेतन, आणि दाराला टेकून रंभाजी. सही करणारा समितीचा दुसरा सदस्य सही करून केव्हाच घरी गेला होता.

"झालं का बाई?" कोळसे म्हणाले. "मला सहाची गाडी आहे."

"एक छोटा प्रयोग आहे. पाचवीची मुलंसुद्धा करतील." बाईंनी निकिताला किल्ली दिली. निकिता दोन्ही नळ्या घेऊन आली.

बाईंनी हिरव्या टोपणाची नळी उलटी केली. आतला पांढरा खडा तिथेच चिकटून राहिला. मग लाल टोपणाची उलटी केली. आतलं पाणी टोपणाकडे झुळकन घसरलं.

चेतन पुढे झुकला. निकिताचा हात तोंडाकडे गेला.

"तीन तास दोघी एकाच कप्प्यात होत्या," बाई म्हणाल्या. "एक गोठलेली, एक पातळ. मंगळवारी पेटीतही हेच झालं होतं. रंभाजींनी तेच सांगायला तोंड उघडलं आणि त्यांचं अर्धंच वाक्य कागदावर आलं. पेटी अठरा अंशांच्या वर तापली असती तर सातही नळ्या पातळ झाल्या असत्या. सहा घट्ट राहिल्या. म्हणजे पेटी थंडच होती. तापली नाही, बर्फाच्या उशिराने काही बिघडलं नाही, कोणी झोपलं नाही. फक्त सातव्या नळीत डीएमएसओ नव्हताच. साधं पाणी होतं. सोमवारी दुपारी नळी चांगली होती, मंगळवारी सकाळी ती कुलपातून निघाली. मधल्या वेळात किल्लीवाल्या कोणीतरी ती बदलली."

"मी नाही," चेतन घाईने म्हणाला.

"तू नाहीस. निकिताही नाही. तुम्ही दोघं ही नळी रोज मुठीत धरून बसता. तुमच्यापैकी कोणी बदलली असती तर फळीवरची डीएमएसओची बाटली घेऊन भरली असती, आणि हा प्रकार जन्मात कळला नसता. जो नळी हातात धरतो, त्याला ती गोठते हे माहीत असतं. पाणी तोच भरेल, ज्याला वाटतं की पेप्टाइड पाण्यातच असतं. सकाळी मला एकाच माणसाने सांगितलं की ते पाण्यात विरघळवलेलं आहे."

कोळशांनी चष्मा काढला.

"सायबानी? आपलाच प्रयोग मोडला?" रंभाजी हळूच म्हणाला. त्याला राग आलेला नव्हता. समजत नव्हतं.

"मलाही दुपारभर तेच कळत नव्हतं," बाई म्हणाल्या. "मग आकडे मांडले. पाहुण्यांसमोर बावन्न आले असते तर त्यांनी विचारलं असतं, नागपूरला सांगितलेले पंच्याण्णव कुठून आले? शून्य आलं की असं कोणी विचारत नाही. शून्य आलं की बर्फ आणणाऱ्याला विचारतात."

"मला लाईटवर ढकलायचं होतं," कोळसे म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "देखभालीचा दिवस आधीच माहीत होता. एकदाच आले होते पंच्याण्णव, बाई. एकदा. मी थांबलो नाही, बोलून बसलो. वाटलं, पुढच्या खेपेचं पेप्टाइड येईपर्यंत वेळ मिळेल. रंभाचं नाव माझ्या मनातसुद्धा नव्हतं."

"पण तो बोलला आणि तुम्ही त्याला मध्येच थांबवलंत."

कोळशांनी टेबलाचा खण उघडला आणि आतून एक लाल टोपणाची नळी काढून निकितापुढे ठेवली. "फेकवली नाही."

निकिताने ती उचलून प्रकाशात धरली. चार दिवस उबेत राहून आतलं सगळं पातळ होतं. "चालेल," ती म्हणाली. "उद्या पाहुण्यांना कळवते. बावन्न म्हणूनच कळवते."

बाईंनी अहवालावर आडवी रेघ मारली आणि खाली खरं काय ते चार ओळींत लिहिलं. समितीला, संस्थेच्या अध्यक्षांना, सगळ्यांना हेच जाईल असं त्यांनी कोळशांना शांतपणे सांगितलं. मग रंभाजीकडे वळल्या. "सोमवारपासून कामावर या. कायम करण्याचा कागद मी स्वतः मागवून घेते. आणखी काही म्हणायचंय तुम्हाला?"

रंभाजी घुटमळला. "मला काय नगं. मी खरं बोललो ते मला ठावं हाय." त्याने दाराबाहेर पाहिलं. "पर सायबानी तिला हितं उभं करून सांगितलं हुतं. तिलाच सांगा म्हनावं."

कोळसे उठले. खोलीतून, ओसरीवरून, अंगणातून चालत ते फाटकापर्यंत गेले. बाई चार पावलं मागे राहिल्या. कारखान्याकडे जाणारा उसाचा ट्रॅक्टर रस्त्यावरून धडधडत गेला आणि त्याचा आवाज विरेपर्यंत कोळसे तसेच उभे राहिले. लिंबाखालची बाई उठली, पण ह्या वेळी वाकली नाही.

"छबूबाई," कोळसे म्हणाले, "तुमचा नवरा खोटं बोलला नव्हता."

"ते मला ठावंच हुतं," छबूबाई म्हणाली. "तुमाला कवा कळलं, ते सांगा."

कोळशांनी मागे वळून साळवे बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्यांना मदत केली नाही.

"पहिल्या दिवसापासून," ते म्हणाले.